‘वाकू नका’ विसरायला ८० तास

“मणक्यात गॅप आलाय.” कंबरदुखीने बेजार झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच. हातात एमआरआयची मोठी पिशवी, कमरेला पट्टा आणि सूचनांची यादी तोंडपाठ: पुढे वाकायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही, बादली उचलायची नाही. त्यात शेजारच्या काकू आपली भर घालतात, “आमच्या भावजींची गादी सरकली होती, वर्षभर अंथरुणात होते.”

हा ‘गॅप’ शरीरशास्त्राच्या पुस्तकात कुठेच सापडत नाही. दोन मणक्यांमधली चकती वयाबरोबर पाणी गमावते आणि तिची उंची कमी होते. म्हणजे मणक्यांमधलं अंतर वाढत नाही, उलट घटतं. तरी आपण त्याला गॅप म्हणतो. आणि गॅप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती सिमेंट निघालेली भिंत, दोन विटांमधली फट. भिंत कधीही ढासळेल असं मनात बसलेला माणूस वाकणार कसा? ही भीती उतरवायला फिजिओथेरपिस्टांना ८० तास शिकवून पाहिलं गेलं, त्याची ही गोष्ट.

२०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० लोकांचे मणक्याचे स्कॅन तपासले. या लोकांची अट एकच होती, कंबर अजिबात दुखत नसली पाहिजे. त्यांच्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या. चकती बाहेर फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. ही सगळी न दुखणारी माणसं! त्यामुळे दुखणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर तेच शब्द दिसले, तर दुखण्याचं कारण सापडलं असं लगेच म्हणता येत नाही. रिपोर्ट खोटा नसतो, पण त्याच्यावर आपण फार मोठं ओझं टाकतो.

जगभरात २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. यातली बरीचशी दुखणी काही आठवड्यांत आपोआप निवळतात. उरतात ते लोक ज्यांची कंबर महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं दुखते आणि त्यापायी आयुष्य आक्रसत जातं. या दुसऱ्या गटाला ‘अपंगत्व आणणारी कंबरदुखी’ म्हणतात. इथे अपंगत्व म्हणजे सरकारी दाखल्यावरचं नव्हे. कंबरेमुळे काय काय सुटलं, याचा तो हिशेब आहे.

हा हिशेब मांडायला १९८३ पासून वापरात असलेली एक प्रश्नावली आहे, रोलँड-मॉरिस. तिच्यात २४ साधी वाक्यं आहेत आणि आपल्याला लागू पडतील त्यांवर खूण करायची. कंबरेमुळे मी बहुतेक वेळ घरीच असतो. कपडे घालायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. दुखणं किती आहे हे विचारणारी वाक्यं यात फारशी नाहीत. एकसारखंच दुखणाऱ्या दोघांपैकी एकाच्या ४ खुणा होतात, दुसऱ्याच्या १८. हा फरक कुठून येतो, हे फिजिओथेरपिस्टला ओळखता आलं पाहिजे. आणि नेमकं तेच बराच काळ शिकवलं गेलं नाही.

फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा पाया स्नायू, सांधे आणि नसांवर रचलेला आहे. दुखणं म्हणजे कुठेतरी बिघाड. तो शोधा, मशीन लावा, व्यायाम द्या. आपल्याकडच्या ओपीडीत याचं रूप सगळ्यांच्या ओळखीचं आहे: दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं ‘करंट’, मग ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणून धरणं, आणि जाताना व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स कागद. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडची मशीन, टेन्सचा करंट आणि कमरेचा पट्टा यांचा सरसकट वापर करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या निम्म्या ओपीडीचं सामान त्या यादीत निघालं! समजावून सांगणं, व्यायाम, मानसशास्त्रावर आधारलेले उपचार यांना मात्र पाठिंबा आहे. मसाजलाही थोडी जागा आहे, तेवढाच दिलासा.

हे सगळं एकाएकी उगवलेलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ कंबरदुखीच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना सात दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं, काहींना फक्त दोन दिवस. दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या सुट्ट्या कमी झाल्या आणि बाकी तब्येतीत काहीही फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी गॉर्डन वॉडेल या ग्लासगोच्या अस्थिशल्यविशारदाने लिहिलं, की कंबरदुखीकडे शरीर, मन आणि भोवतालचा समाज या तिन्हींतून पाहिल्याशिवाय अपंगत्व कळणार नाही. सर्जन माणूस हे सांगत होता, त्यामुळे लोकांनी कान टवकारले. पण मान डोलावणं वेगळं आणि सोमवारी सकाळी रांगेतल्या तिसऱ्या पेशंटसमोर तसं वागणं वेगळं. २०१५ मध्ये फिजिओथेरपिस्टांच्या मुलाखतींवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा निघाला. पेशंटच्या मनातली भीती, ताण, घरची परिस्थिती यांचा दुखण्याशी संबंध आहे हे अनेकांना पटत होतं, पण त्याबद्दल काय करायचं हे आपल्याला शिकवलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काही जण अशा पेशंटकडे ‘नाटकं करतो’ अशा नजरेने बघत होते. हेही त्या आढाव्यात होतं, आणि ते वाचून कुणाला नवल वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मग शिकवायचं काय?

एक वाट ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाने काढली. नऊ प्रश्नांची छोटी चाळणी. तिच्यातून पेशंटचे तीन गट पाडायचे: आपोआप बरे होण्याची शक्यता जास्त असलेले, मधले, आणि दुखणं लांबण्याचा धोका असलेले. पहिल्या गटाला धीर आणि सल्ला देऊन मोकळं करायचं, वेळ आणि मेहनत तिसऱ्या गटावर घालायची. २०११ मध्ये ८५१ रुग्णांवर ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली, खर्चही कमी झाला. पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर हाच मासला वापरून पाहिला, तेव्हा दुखणं जुनाट होण्याचं प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही. चाळणी लावणं सोपं आहे. चाळून वेगळा काढलेला माणूस समोर बसला की त्याच्याशी काय बोलायचं, हे अवघड.

दुसरी वाट याच अवघड जागी शिरते. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातले पीटर ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. तिला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी, थोडक्यात सीएफटी. तिची पहिली चाचणी नॉर्वेत झाली, २०१३ मध्ये तिचे निकाल आले. त्यानंतरची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात, ‘रिस्टोर’ नावाची. तिचे निकाल २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पर्थ आणि सिडनीतले २० दवाखाने, ४९२ रुग्ण, आणि १८ फिजिओथेरपिस्ट. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पद्धत शोधणाऱ्या गुरूंनी स्वतः उपचार केले असते, तर ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणून विषय संपला असता. इथे नेहमीच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या फिजिओंना सुमारे ८० तासांचं शिक्षण देऊन उभं केलं होतं.

८० तास म्हणजे किती, हे आपल्या क्षेत्रातल्या रिवाजाशी ताडून बघा. शनिवार-रविवारची कार्यशाळा, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. टेपिंग असो, कपिंग असो, ड्राय नीडलिंग असो, हाताचं कौशल्य दोन दिवसांत निदान तोंडओळखीपुरतं तरी येतं. बोलण्याची आणि ऐकण्याची सवय तशी बदलत नाही. म्हणून हे ८० तास महिन्यांमध्ये पसरलेले होते. व्याख्यानं आणि कार्यशाळा होत्याच. पण खरा भर होता जाणत्या शिक्षकाला खऱ्या पेशंटवर काम करताना बघण्यावर, मग शिक्षकाच्या नजरेसमोर स्वतः करण्यावर, आणि आपल्या सत्राचं चित्रीकरण परत बघून चुका ऐकून घेण्यावर. शेवटी कौशल्यांच्या ठरलेल्या यादीवर तपासणी. गाणं शिकवताना गुरू समोर बसवून घेतो, त्याच्या जवळ जाणारी ही रीत आहे.

स्वतःला व्हिडिओत बघणं कुणालाच आवडत नाही. आपण पेशंटला किती लवकर तोडतो हे तिथे दिसतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत त्याला थांबवलं जात होतं. आपल्या ओपीडीत ते घड्याळ कुणी लावलेलं नाही, ते बरंच.

आता हे शिक्षण घेतलेला फिजिओ नेमकं काय वेगळं करतो, ते आपल्याकडच्या एका कल्पित पेशंटवर बघू. समजा, ४८ वर्षांची अंगणवाडी सेविका आहे, चार वर्षं कंबर दुखते आहे.

सगळ्यात आधी, गंभीर आजार नाही ना याची खात्री. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होते आहे का, ताप, अकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. आपल्याकडे यात मणक्याचा टीबी धरावाच लागतो. यातलं काही निघालं तर पुढचं सगळं थांबतं आणि पेशंट ताबडतोब डॉक्टरकडे जातो. हा भाग जुन्या शिक्षणातही होता. तो नव्या शिक्षणाने हलका केलेला नाही.

मग गोष्ट ऐकणं.

“काकू, अगदी सुरुवातीपासून सांगा. मला घाई नाही.”

काकू सांगतात. सासूबाईंना उचलताना चमक भरली. आठ दिवसांत उतरली. मग सहा महिन्यांनी परत. त्याच वेळी मुलाची नोकरी गेली होती.

“तुम्हाला काय वाटतं, कमरेत आत काय झालंय?”

“गॅप आहे ना. परत वाकले तर नस कायमची दबेल आणि पाय जाईल, असं सांगितलंय.”

“मग खाली पडलेलं काही उचलायचं असेल तर काय करता?”

“नातीला सांगते. कुणी नसलं तर श्वास धरून, गुडघ्यावर हात टेकून हळूच.”

‘तुम्हाला काय वाटतं’ हा प्रश्न जुन्या तपासणीच्या फॉर्मवर नसायचा. पण उपचाराची सगळी दिशा याच उत्तरात आहे. या बाईला स्नायूंच्या ताकदीपेक्षा आधी छळते आहे ती पाय जाण्याची भीती. ती भीती त्यांनी स्वतः तयार केलेली नाही, कुणा तज्ज्ञाच्या तोंडून ऐकली आहे. न्यूझीलंडमध्ये कंबरदुखीच्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा डॉक्टर-फिजिओंनी उच्चारलेली एखादी ओळ वर्षानुवर्षं मनात राहते, असंच दिसलं होतं.

पुढची पायरी तपासणीची, आणि इथे सीएफटी नुसत्या समुपदेशनापासून वेगळी होते. ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं सांगून कुणाची भीती गेली आहे? शरीराला अनुभव लागतो. फिजिओ काकूंना वाकायला सांगतो आणि बघतो. पोट आवळलेलं, श्वास कोंडलेला, पाठ फळीसारखी ताठ. दुखतं. मग त्यांना उताणं झोपवून गुडघे वाकवून श्वास सोडायला लावतो, पोट सैल. नंतर खुर्चीत बसवून पाठ हलकेच गोल करायला सांगतो, हात पोटऱ्यांवरून खाली घोट्यांपर्यंत जाऊ देतो. श्वास चालू.

“दुखलं?”

“मघापेक्षा कमी.”

“काकू, आत्ता तुम्ही पूर्ण वाकलात.”

हा क्षण घडवता येणं, हेच त्या ८० तासांतलं मुख्य कौशल्य. तो दरवेळी असा सरळ येत नाही. कधी दुखणं तेवढंच राहतं, कधी वाढतं, आणि तेव्हा न गडबडता दुसरा मार्ग शोधावा लागतो. त्यासाठी फिजिओच्या स्वतःच्या मनात वाकण्याची भीती नसली पाहिजे, आणि ती असते! उपचार करणाऱ्याच्या समजुती पेशंटमध्ये उतरतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पाठ सरळ ठेवूनच वजन उचला, हे आपण सगळ्यांनी शिकवलं. पण वजन उचलण्याचं असं प्रशिक्षण दिल्याने कामगारांची कंबरदुखी टळते का, याचा कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०११ चा आढावा पाहिला तर टळत असल्याचा पुरावा मिळत नाही. मीही ते वाक्य कित्येकदा म्हटलं आहे. तोंडात इतकं बसलेलं वाक्य थांबवायला वेळ लागतो.

तिसरा भाग रोजच्या जगण्याचा: झोप, चालणं, कामावर परतणं, ताण, आणि दुखणं पुन्हा उसळलं तर काय करायचं याची आधीच ठरवलेली योजना. शेवटच्या गोष्टीवर बराच वेळ दिला जातो, कारण कंबर परत धरतेच आणि तेव्हा माणूस सगळं सोडून पट्ट्याकडे धाव घेतो.

निकाल काय लागला? रिस्टोरमधल्या रुग्णांना १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात सत्रं आणि सहा महिन्यांच्या सुमाराला उजळणीचं एक सत्र मिळालं. १३ आठवड्यांनी २४ गुणांच्या त्या रोलँड-मॉरिस प्रश्नावलीवर त्यांचं अपंगत्व नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा ४.६ गुणांनी कमी होतं. कंबरदुखीच्या संशोधनात एवढा फरक क्वचित दिसतो. त्याहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे वर्षाच्या शेवटीही तो टिकून होता, आणि २०२५ मध्ये छापलेल्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यातही बराचसा शिल्लक होता. दर माणशी समाजाचा खर्च ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वाचला, मुख्यतः लोक कामाला लागल्यामुळे. यातल्या एका गटाला पाठीवर हालचाल मोजणारे सेन्सर लावून त्यांची माहिती उपचारात वापरली होती. त्याने अपंगत्वात वेगळा फायदा झाला नाही. महागडं यंत्र विकत घेण्याच्या बेतात असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता दुसरी बाजू. तुलना होती ‘नेहमीच्या उपचारांशी’, म्हणजे ज्याला जे मिळालं ते. तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष दुसऱ्या गटाला मिळालं नव्हतं. पेशंटला कोणता उपचार मिळतो आहे हे लपवणं अशा चाचणीत शक्य नसतं. ब्राझीलमध्ये सीएफटीची तुलना व्यायाम आणि हातांनी केलेल्या उपचारांशी केली, तेव्हा फरक फारसा उरला नाही. म्हणजे ही जादू नव्हे. नीट ऐकून, नीट समजावून, अंगाला हालचालीचा विश्वास परत मिळवून देणारा कुठलाही चांगला उपचार याच्या जवळपास पोचू शकतो, अशी शंका मला आहे. पण तो ‘चांगला’ भाग शिकवता येतो, मोजता येतो आणि अठरा वेगवेगळ्या माणसांकडून करवून घेता येतो, हे रिस्टोरने दाखवलं.

महाराष्ट्रात हे आणायचं तर अडचण वेळेची आहेच. पहिलं सत्र तासाभराचं लागतं, आणि सरकारी ओपीडीत तासात किती पेशंट असतात हे तिथे बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. पेशंटही मशीनला पैसे देतो, बोलण्याला देत नाही. ‘नुसत्या गप्पा मारल्या, शेकसुद्धा दिला नाही’ ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येणार. त्यामुळे सुरुवातीला शेक ठेवावा आणि गप्पा शेकतानाच माराव्यात, असं मला वाटतं. शुद्धतेचा आग्रह नंतर धरता येईल.

आणि शब्दांचं काम मराठीतच करावं लागेल. आपल्या आज्या कंबर दुखली की म्हणायच्या, उसण भरली, चमक आली, लचक भरली, कंबर धरली. यातला एकही शब्द काही तुटल्याचं सांगत नाही. उसण भरते तशी उतरते, धरलेली कंबर सुटते. गॅप पडणं, गादी सरकणं, नस दबणं ही भाषा नंतरची, स्कॅनच्या खोलीतून आलेली, आणि तिच्यात परतीचं क्रियापदच नाही. गॅप ‘भरतो’ असं कुणी म्हणताना ऐकलंय का? मराठी फिजिओंसाठी असा अभ्यासक्रम आखायचा झाला, तर पहिल्या दिवशी प्रत्येकाने पेशंटला रिपोर्ट समजावतानाचं आपलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणावं आणि वर्गात सगळ्यांसमोर ऐकवावं.